मंगळवारचा शिंगाळा

नदीतून चार-आठ दिवसांचा प्रवास करायचा म्हटला की पहिला प्रश्न पाण्याचा येतो, असा माझा समज होता. अण्णांनी तो पहिल्याच बैठकीत मोडून काढला.

"पाणी काय, हाय तेवढा हाय," ते म्हणाले. "तुमी आधी सांगा, कोण कोणचा वार पाळतो."

मी म्हणालो, सोमवार. हा सोमवार मी महादेवासाठी धरलाय असं बाहेर सांगतो. खरं म्हणजे माझं वजन बघून तो बायकोने धरलाय आणि पाळतो मी. पांडू रिक्षावाला म्हणाला, शनिवार, मारुतीचा. दत्तूचं चिकनचं दुकान आहे आणि त्याचा गुरुवार कडक. गुरुवारी तो दिवसभर कोंबड्या कापतो आणि घरी जाऊन वरणभात खातो. स्वतः अण्णांचा मंगळवार. तो कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

अण्णांनी बोटांवर वार मोजले. "म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. बाकीच्या दिवशी एक तरी माणूस उपाशी. आणि एक माणूस नुसता बसलाय नि तिघं मासा खातात, असा माझ्या तराफ्यावर चालणार नाय. ज्या दिवशी खावाचा नाय, त्या दिवशी गळपण टाकावाचा नाय. वार कोणी मोडावाचा नाय."

असे अण्णा. आता ते नाहीत. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते रोज येऊन बसायचे. ती खुर्ची मी अजून आत घेतलेली नाही. गिऱ्हाईक बसलं की मला उगाच राग येतो.

त्यांची सगळी नोकरी स्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या. त्यामुळे अण्णांजवळ दोन भाषा होत्या. एक धसईकडच्या घरची, जिच्यात ते जगायचे. दुसरी माईकची, शुद्ध, नाकातून येणारी, आणि ती रागात किंवा फार भरून आलं की बाहेर पडायची. धसईच्या बाजूला एका लग्नात जेवणाच्या पंगती बोलावायला कोणी तरी त्यांच्या हातात माईक दिला. अण्णांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावे. नवरीचे मामा असतील तेथून त्वरित मंडपाकडे यावे. मामांमुळे लग्न सुटण्यास विलंब होत आहे." लग्न सुटण्यास, हे ऐकून नवरीची आई रडायला लागली. अण्णांना कळेचना काय चुकलं. त्यांच्या लेखी जे सुरू व्हायचं ते सुटायचंच. गाडी कधी येणार विचारलं की नोकरीत असताना ते जे उत्तर देत तेच त्यांनी पुढे सगळ्या जगाला लावलं. दिवे कधी येणार, पाऊस कधी थांबणार, नदीवर कधी जायचं? "सुटंल तवा सुटंल."

नदी म्हणजे आमची काळू, आणि प्रवास म्हणजे त्यांच्या गावच्या म्हशीच्या डोहापासून खाली, पार पलीकडच्या शहापूरच्या काठावर त्यांच्या धाकट्या बहिणीचं गाव आहे तिथपर्यंत. तराफ्यावरून. वाटेत मासे धरत. मासे म्हणजे त्यांच्या बोलण्यात एकच, शिंगाळा. लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, पाठीवर विषारी काटा बाळगणारा आणि चवीला असा की त्याचं नाव काढल्यावर दत्तू दुकानात गिऱ्हाईक उभं असताना गप्प व्हायचा.

मौज हवी म्हणून जायचं होतं ते आम्हाला. अण्णांना जायचं होतं ते बहिणीसाठी, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. सुमनताई तिचं नाव, ते तिला बाय म्हणत. लहानपणी घरात शिंगाळा आला की डोक्याचा तुकडा तिचा, त्याच्यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या आणि जिंकायची तीच. तिचं लग्न झालं ते माळकऱ्यांच्या घरात. सासरे कीर्तनकार, बुवा. तिने गळ्यात माळ घातली आणि मासा सुटला. कोणी जबरदस्ती केली नाही, पण माळ ती माळ.

"एकदा तरी बायच्या पुढ्यात आपल्या डोहातला शिंगाळा नेवाचा," अण्णा म्हणायचे.

"पण ती खाणार नाय ना, अण्णा," पांडू म्हणायचा.

"खावाचा का नाय ते तिचा ती बघंल. नेवाचा, तेवढा माझा काम."

हे काम त्यांनी तरुणपणी एकदा करून बघितलं होतं, एसटीने. तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी, पाण्यात जिवंत शिंगाळा, वर फडकं. एका खड्ड्यात डबा उपडा झाला आणि शिंगाळा सीटांखालून मागच्या दारापर्यंत गेला. सगळी गाडी पाय वर घेऊन बसली. कंडक्टर ओळखीचा, तो म्हणाला, अण्णा, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का? कसाबसा मासा पुन्हा डब्यात घालून अण्णा बहिणीच्या दारात पोचले. ओटीवर बुवा बसलेले. ते रागावले नाहीत. "पाव्हणं, तेवढा ओटीच्या खाली ठेवा," इतकंच म्हणाले. सुमनताई दारात आली. डब्यात तिने एकदा बघितलं, आत गेली आणि चहा घेऊन आली. डबा शेजारच्यांनी नेला.

"तिनं बगला ना डब्यात," अण्णा सांगायचे, "ते मना दिसतो अजून."

त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की चूक रस्त्याची होती. रस्त्याने गावात शिरलं की आधी देऊळ लागतं, मग बुवांची ओटी. बुवा वारले तरी ओटी आहेच. नदीने गेलं की आधी घाट लागतो, आणि घाटावर सकाळी कपडे धुवायला बाय. काठ कोणाच्या घरात येत नाही. मला हे तेव्हा अगदी पटलं. मला अण्णांचं सगळंच पटायचं, कारण मला त्या प्रवासात माझे बेत घुसवायचे होते.

माझे बेत मोबाईलवरून आले होते. परदेशातले लोक नदीतून आठ-आठ दिवस जातात, वाळूवर तंबू टाकतात, माणसाएवढे मासे धरून त्यांच्याबरोबर फोटो काढतात, हे मी झेरॉक्स मशीन गरम होईपर्यंत बघत असे. मी एक गळाची काठी मागवली, चकरीसकट. एक लाईफ जॅकेटही मागवलं, सगळ्यांत मोठ्या मापाचं. ते माझ्या पोटावर बसलं, पण मिटेना. पांडूने त्याचे दोन्ही पट्टे सुतळीने जोडून दिले. मुरबाडमध्ये सुतळीने बांधलेला मी एकटाच माणूस असेन.

अण्णांनी मागवलं काही नाही. दुपारी मी शटर ओढून जेवायला बसलो की ते त्या शटरवर खडूने नदी काढत. डोह, खडक, वळणं आणि थांबे. नदीलाही थांबे होते, आणि जिथे पाणी असेल तरच थांबायचं ते विनंती थांबे. सगळ्यात वर बायचं गाव. शटर वर सरकवलं की आधी बायचं गाव गुंडाळून आत जायचं, मग सगळी नदी. संध्याकाळी बंद करताना पुन्हा खाली यायची. कित्येक दिवाळ्या ती नदी अशी खालीवर झाली. पावसाळ्यात नदीचा भरवसा नाही, दसरा गेला की भातकापणी, मग झोडणी, मग वाल पेरायचे, मग पाणी आटलेलं. माझ्या बेतात आठ दिवस सलग हवे होते, आणि आमच्या चौघांच्या वारांमधून आठ काय, दोन दिवसही सलग निघत नव्हते.

मग एका कार्तिकात झोडणी लवकर उरकली आणि अण्णांनी तोडगा काढला. "सलग पायजे असा कोणी सांगितला? बुधवारी निघावाचा. सांज झाली का जिथं असू तिथं तराफा बांधून ठेवावाचा, नि एसटीनं घरी. शुक्रवारी तिथनंच पुढं."

"अण्णा," मी म्हणालो, "बाहेरचे लोक नदीकाठी तंबूत राहतात."

"त्यांना वार नसतील," अण्णा म्हणाले.

अशा रीतीने आमची मोहीम हप्त्याहप्त्याने सुटली. तराफा म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्यूबा, वर बांबू आणि काथ्या. पहिल्या बुधवारी म्हशीच्या डोहात दिवसभर गळ टाकून बसलो. माझ्या चकरीवाल्या काठीला एक नायलॉनची साडी लागली, ती बराच वेळ जोरात ओढत होती. फोटो काढायला माझा मोबाईल दत्तूकडे देऊनसुद्धा झाला होता.

शुक्रवारी दत्तूने दुकानातली कोंबडीची आतडी आणली. ती गळाला लावून मी काठी दगडात रोवली आणि भाकरी खायला बसलो. चकरी किर्र वाजायला लागली तेव्हा मला वाटलं फोन वाजतोय, मी खिसा चाचपला. अण्णा मात्र टोपीसकट पाण्यात शिरले. आम्ही तिघं काठी ओढत होतो आणि ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माशालाच समजावत होते, "ये रे, ये रे, तुलाच नेवाचा हाय."

हाताएवढा लांब शिंगाळा. काळपट पाठ, पांढरं पोट, दोन्हीकडे मिशा. मी त्याला फोटोसाठी दोन्ही हातांनी उचलून धरलं. मोबाईलमधले लोक असंच धरत. त्याने पाठीचा काटा माझ्या तळव्यात घातला. पुढचं मला नीट आठवत नाही. पांडू सांगतो की मी मोठ्याने माझ्या सासूचं नाव घेतलं. हात भाकरीसारखा सुजला, पांडूने रिक्षातून दवाखान्यात नेलं, आणि घरी बायको म्हणाली, "मोठा मासा धरायला गेलात का लहान, तेवढं सांगा." त्या प्रवासात आम्ही धरलेला एकुलता एक मासा मीच धरला, हे मी अजूनही सांगतो. त्यानेही एकालाच धरलं, हे कोणी विचारलं तरच.

तो मारायचा नव्हता. बायच्या घाटापर्यंत जिवंत न्यायचा होता. बटाट्याच्या जाळीदार गोणीत घालून, गोण तराफ्याला बांधून, पाण्यातल्या पाण्यात. अण्णांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. आमचे वार असायचे त्या दिवशी तराफा नि पाहुणा काठाच्या झाडाला बांधलेले, आणि अण्णा एसटीने जाऊन त्याच्या सोबतीला बसलेले. खेकडे येतात, म्हणायचे. त्याला गांडुळं खाऊ घालायचे. पांडू एकदा त्यांना न्यायला गेला तर ते माशाला गावातली लग्नं-मयतं सांगत होते.

आणि प्रवास? नदीने आम्हाला नेलं त्याहून जास्त आम्ही तराफ्याला नेलं. कार्तिकातली नदी ती, दोन डोहांच्या मधे नुसते गोटे. तराफा खडकाला लागला की तिघेही माझ्याकडे बघत, आणि अण्णा नाकातून म्हणत, "विलासशेट, विनंती थांबा." मी उतरलो की तराफा लगेच तरंगायचा. शेवटी मी काठाकाठानेच चालायला लागलो. तेव्हा माझा नदीप्रवास म्हणजे खरं तर करवंदीच्या जाळ्यांतून केलेला प्रवास, आणि लाईफ जॅकेटचा मला काट्यांपासून फार उपयोग झाला. एक ट्यूब पंक्चर झाली ती पांडूने रिक्षाच्या टपावर टाकून धसईला नेली. पंक्चरवाल्याने ट्रॅक्टर कुठे आहे विचारलं, तर हा म्हणाला, नदीत. पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला आला.

रविवारी पोचायचं होतं, नाही पोचलो. अजून दोन वळणं राहिली होती. अण्णांनी बुधवार नक्की केला.

मंगळवारी सकाळी अण्णांचा फोन आला. ते पाहुण्याजवळ गेले होते, आणि आवाज माईकचा होता. "प्रवाशाची प्रकृती बिघडली आहे. उताणा पडतोय. उद्यापर्यंत टिकणार नाही. सर्वांनी त्वरित यावे."

आम्ही पोचलो तर ते गोण दोन्ही हातांनी वाहत्या पाण्यात धरून बसले होते. मासा एका कुशीवर, कल्ले हळूहळू हलत होते.

दत्तू म्हणाला, "अण्णा, आज मंगळवार. तुमचा वार."

"माझाच हाय ना? तुमचा नाय."

"तुमीच नियम केला," पांडू म्हणाला. "खावाचा नाय त्या दिवशी..."

"गळ टाकला का मी? तो शुक्रवारचा हाय," अण्णा म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "मेलेला कसा नेऊ रे तिच्या पुढ्यात?"

इतकी वर्षं बेत केला, आणि त्या माशाचा एक घास त्यांच्या स्वतःच्या तोंडात जाणार नव्हता. मला फार वाईट वाटलं. ते मी बोलून दाखवायच्या आत अण्णा तराफ्यावर चढले होते. मी काठाने निघालो.

दुसरं वळण संपलं आणि घाट दिसला. एक बाई पाठमोरी बसून गोधडी आपटत होती. अण्णा तराफ्यावर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, एक हात कानाशी नेला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. धसईहून येणारी..." आणि पुढचा शब्दच फुटेना. सगळा जन्म गाड्या पुकारलेला माणूस, त्याला धसईहून काय येतंय ते सांगता येईना.

बाईने मागे न बघता गोधडी पिळली. "लेट हाय," ती म्हणाली.

मग ती वळली. अण्णांनी गोण तिच्या पायाशी पाण्यात सोडून गोणीचं तोंड उघडलं. ती वाकून बघत राहिली. गळ्यातली माळ तिने एका हाताने छातीशी धरली होती, पाण्याला लागू नये म्हणून.

"आपल्या डोहातला?"

"म्हशीच्या."

"मिश्या बग मेल्याच्या. आपल्या आबांसारख्या." ती हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "आज तर मंगळवार. तुजा मंगळवार हाय ना रे?"

"हाय."

"आमच्या थोरल्याला टायफाइड झालेला तवा धरलास ना तू? तो आता सासरा झाला. सोड की."

"तू माळ सोड," अण्णा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मोठ्याने हसायला लागली. आम्ही तिघे गोणीभोवती उभे, हसावं की नाही ते न कळलेले. सोडलं कोणीच काही नाही.

दत्तूने मासा घेतला, राखेने चोळून बुळबुळ काढली, कापला. आम्ही वाळूवर तीन दगड मांडून चूल पेटवली, बाईपासून चांगली लांब, विटाळ नको म्हणून. मी आमचा टोप ठेवला. सुमनताई वरच्या खडकावर बसली होती, तिने हाक मारली.

"तिकडं नको. हिकडं घ्या चूल. वारा बगा ना कुठनं येतो."

आम्हाला समजायला वेळ लागला. अण्णांना लागला नाही. त्यांनी पेटती लाकडं हाताने उचलून आणली. धूर आणि वाफ थेट तिच्या अंगावर जायला लागली. ती जराही सरकली नाही. तिथूनच माझ्यावर हुकूम सुटायला लागले. लसूण करपला. आंबोशी आता घाल. ढवळू नको, टोप हलव, तुकडे मोडतात. शेवटी डोळे मिटून म्हणाली, "मीठ कमी हाय." मी चव घेतली. कमी होतं. मी मीठ घातलं आणि सुजलेला हात चटकन मागे घेतला, कारण मला वाटलं ती आता हातावर मारणार.

कालवण तयार झालं. आम्ही तिघे जेवलो. आयुष्यात तसा मासा मी खाल्लेला नाही, आणि लाज सोडून सांगतो, मी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा डोक्याच्या तुकड्याकडे हात गेला तेव्हा अण्णांनी नुसतं बघितलं. हात आपोआप बाहेर आला.

त्यांनी डोकं पळसाच्या पानावर काढलं आणि खडकावर बायच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी बसले. डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीने पानावर वारा घालायला लागले, हळू, वाफ तिच्याकडे जाईल असा. वाफ संपली तरी टोपी हलत होती.

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले, स्टँडसमोर, माझ्याच दुकानाच्या खुर्चीवर. ते मी पाहिलं आहे, पण अण्णा म्हटलं की मला ते आठवत नाही. त्या दिवशीचा घाट आठवतो. बऱ्याच वेळाने सुमनताईने पान उचललं, खाली येऊन नदीत सोडलं. मग तिथेच बसून तिने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि चूळ भरली. पोटभर जेवून उठलेलं माणूस भरतं तशी.

"चला," ती म्हणाली. "झाला जेवण."

अण्णा खडकावरून उतरले, तिच्या शेजारी पाण्यात बसले आणि त्यांनीही चूळ भरली.